कल्हईची तार

यमगर्णीजवळ वेदगंगेचा पूल ओलांडताना माझी नजर आपोआप खाली काठाकडे जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत इथं नदी महामार्गावर आली, पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली आणि टीव्हीवर ट्रकच्या रांगा दिसल्या. काठावरच्या ऊसवाल्याला त्या रांगांचं काही नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: मोटार निघाली का? पाणी चढायला लागलं की दोर, चार गडी आणि असलाच तर ट्रॅक्टर घेऊन मोटार वर ओढायची, स्टार्टरची पेटी सोडवून उंचावर न्यायची, आणि पाणी उतरलं की हेच सगळं उलट क्रमानं करायचं. या गडबडीत केबल कुठंतरी तुटते, नाहीतर तोडावी लागते. निपाणी-कागल भागातल्या नदीकाठच्या एखाद्या जुन्या मोटारीची केबल हातात धरून चालत गेलात तर बोटांना गाठी लागतात. एकेक गाठ म्हणजे एकेक पूर.

ती गाठ कशी पडते ते मी आमच्या रानात अनेकदा पाहिलंय. वायरमन येतो, ब्लेडनं वायर सोलतो, दोन टोकं पक्कडीनं पिळतो, वर काळा टेप गुंडाळतो. फारच काळजी घ्यायची असेल तर त्यावर दुधाची पिशवी आणि सुतळी. मी शंका काढली की उत्तर ठरलेलं: "अण्णा, मोटार चालू झाली न्हवं? मग कशाची काळजी करताय?"

मोटार चालू झाली, हे खरंच. पण त्यावरून जोड बरा झाला असं म्हणता येत नाही. पिळलेल्या दोन तारा डोळ्यांना एकजीव दिसतात, भिंगाखाली मात्र तांब्याचा गुळगुळीत पृष्ठभागही डोंगररांगेसारखा असतो. शिखरं शिखरांना टेकतात, दऱ्या रिकाम्याच राहतात. सगळी वीज त्या मोजक्या टेकलेल्या टोकांतून दाटीवाटीनं जाते. रिकाम्या दऱ्यांत हवा असते, ओल असते. एखादं टोक गंजलं की त्याचा वाटा शेजारच्यावर पडतो, ते जास्त तापतं, तापलं की आणखी लवकर गंजतं. म्हणून वाईट जोड एका दिवसात मरत नाही. तो चांगला चालतो, चालतो, आणि मग ऐन लावणीत दगा देतो.

आकडा घालून बघू. पाच एचपीची थ्री फेज मोटार चालताना साधारण आठ अँपिअर घेते. एका जोडात 0.1 ओहम रोध शिरला असं धरा. 415 व्होल्टांतून पाऊण-एक व्होल्ट तिथं अडकतो. मोटारीला पत्ताही लागत नाही. जोडात मात्र सहा वॅटपेक्षा जास्त उष्णता तयार होत राहते, तीही शेंगदाण्याएवढ्या जागेत. मोटार सुरू होतानाचा प्रवाह सहापट धरला तर त्या दोन-तीन सेकंदांत हाच जोड सव्वादोनशे वॅटपर्यंत जातो. दिवसातून चार वेळा लाइट येते-जाते, चार वेळा हा चटका. मग एके रात्री तीनपैकी एक फेज त्या गाठीत सुटते. मोटार दोन फेजवर कण्हत राहते, उरलेल्या दोन तारांतला प्रवाह पावणेदोन पटीच्या आसपास चढतो आणि वाइंडिंग जळतं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेली की दोष कंपनीला, व्होल्टेजला किंवा वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमला दिला जातो. गाठीला कुणी काही बोलत नाही.

पंपाच्या जोडाच्या पाठीशी निदान 415 व्होल्टांचा रेटा असतो. जिथं हा रेटा बारा किंवा चोवीस व्होल्टांचाच आहे, खालून खारं पाणी आणि शेजारी थडथडणारं डिझेल इंजिन आहे, तिथं जोडाची खरी परीक्षा होते. म्हणजे बोटीवर.

आमचं बेळगाव हे काही समुद्राचं गाव नव्हे. पण रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. आंबोलीच्या घाटानं माल वर-खाली जायचा. आजही बेळगावच्या बाजारात मासळी येते ती वेंगुर्ला-मालवण, गोवा आणि कारवारकडून. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कुणी रंग काढतोय, कुणी इंजिन उतरवतोय. वायरिंग बघायचं असेल तर हेच दिवस. सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारी आंबोली ओलांडून जुलैत वेंगुर्ल्याला उतरायचं म्हणजे वेडेपणाच, पण मी गेलो होतो.

एका बोटीच्या केबिनमधला वायरलेस सेट बिघडला होता. बिघाड मोठा मासलेवाईक. सेट चालू, दिवे लागलेले, पलीकडच्या बोटींचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. आपण बोलायला बटण दाबलं की सेट गप्प. मालकानं सेट एकदा बदलूनही पाहिला होता. दुरुस्तीवाल्यानं सेटला हातच लावला नाही. बॅटरीकडून येणाऱ्या वायरचा टेप कापला, प्लास्टिक वीतभर सोललं आणि आतली तार माझ्यापुढे धरली. लालसर तांब्याऐवजी काळी, शेवाळी तार. "आत मीठ शिरलाहा," एवढंच म्हणाला.

हिशेब असा. ऐकताना असला सेट एक अँपिअरही घेत नाही. 25 वॅटनं बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. जोडात 0.3 ओहम असले तर ऐकताना तिथं पाव व्होल्टच्या आसपास पडतो, बोलताना दीड ते पावणेदोन. बॅटरीवर सव्वाबारा व्होल्ट असले तरी सेटपाशी साडेदहा पोहोचतात आणि सेट मान टाकतो. मीटर लावून मोजलंत तर पूर्ण बारा दाखवील, कारण मीटर प्रवाह ओढतच नाही. रिकाम्या बैलगाडीवरून पुलाची ताकद जोखण्यासारखं ते. जोड मोजायचा तर भार चालू ठेवून, मीटरची दोन टोकं जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावून, मिलिव्होल्टच्या पट्टीवर मोजायचा. दहा अँपिअर जाताना 100 मिलिव्होल्ट दिसले तर तो जोड एक वॅट खातोय. चांगला जोड तेवढ्याच लांबीच्या सलग तारेपेक्षा जास्त खात नाही.

कमी व्होल्टेजला तारही जाड लागते. बॅटरीपासून दहा मीटरवरच्या दिव्याला जाऊन-येऊन वीस मीटर तार होते. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्यातून दहा अँपिअर नेले तर वाटेत 1.3 व्होल्ट संपतात. घरच्या 240 व्होल्टांत हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बारा व्होल्टांत अकरा टक्के. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही 1954 सालापासून बोटींचे नियम ठरवणारी संस्था. वायरलेस, दिशादर्शक दिवे, तळातलं पाणी उपसणारा पंप अशा जिवाशी गाठ असलेल्या गोष्टींसाठी ती वाटेतली घट तीन टक्क्यांवर जाऊ देत नाही, इतरांसाठी दहा टक्के चालवून घेते. बारा व्होल्टांचे तीन टक्के म्हणजे 0.36 व्होल्ट. एवढ्यात तारही बसवायची आणि वाटेतले सगळे जोडही.

आता ती काळी तार. टेपच्या जागी पाणी शिरलं हे समजतं. वीतभर आत कसं गेलं? समईची वात आठवा. तेल खाली, ज्योत वर. धाग्यांच्या फटींतून तेल आपोआप चढतं. बारीक तारांची जुडी ही तांब्याची वातच. टोक उघडं राहिलं की लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असलेलं समुद्राचं पाणी प्लास्टिकच्या आत सरकत जातं, वाळतं, मीठ मागे ठेवतं. मीठ हवेतली ओल ओढतं, पुन्हा ओलं होतं. बाहेरून वायर नवीकोरी. अशा वायरचं टोक कापून नवा जोड देण्यात अर्थ नसतो. लाल तांबं लागेपर्यंत कापत जावं लागतं, आणि कधी कधी ते लागतच नाही.

यावरचा उपाय आपल्या आज्यांना माहीत होता. तांब्या-पितळेची भांडी चुलीवर ठेवण्याआधी कल्हई करून घ्यायची. निपाणीच्या गल्लीत भाता घेऊन बसलेला कल्हईवाला, तापलेल्या पातेल्यात टाकलेला नवसागर, उठलेला पांढरा धूर, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवलेला हात आणि बघता बघता चांदीसारखं झालेलं पातेलं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना बोटीची तार समजावून सांगावी लागत नाही. बोटीसाठीच्या चांगल्या वायरमधल्या प्रत्येक केसाएवढ्या तारेला कथलाची कल्हई असते. तिथं कल्हई आंबट वरणाला तांब्यापासून वाचवते, इथं तांब्याला खाऱ्या पाण्यापासून. दुकानात ओळखायची सोपी खूण: टोक सोलून बघा, तार लाल दिसली तर साधी, रुपेरी दिसली तर कल्हईची. किंमत अर्थातच जास्त. फक्त कल्हईवाल्याचा नवसागर वायरीजवळ आणू नका. भांडं तो धुऊन टाकतो. जोडाच्या फटीत राहिलेला नवसागर तांबं खात बसतो.

कल्हई तार वाचवते, पण जोड जोडत नाही. त्यासाठी गेल्या ऐंशी वर्षांत जगानं जी रीत पसंत केली ती दाबाची: वायरच्या टोकाला तांब्याची नळी असलेला लग घालायचा आणि नळी दाबायची. आमच्याकडे याला कुणी लग म्हणतं, कुणी थिंबल. दाबण्याला क्रिम्पिंगच म्हणतात. 1941 साली अमेरिकेत अंकस व्हिटेकर यांनी एएमपी ही कंपनी काढली. नावाची फोड एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स, म्हणजे विमानं आणि जहाजं. युद्ध चालू होतं, हजारो जोड झटपट आणि सारखे व्हायला हवे होते. डाख लावायला तापवलेलं सोल्डरिंग आयर्न आणि निष्णात हात लागतो. दाबायला बरोबर मापाचं हत्यार पुरतं.

हत्यार मात्र बरोबर मापाचंच हवं, आणि इथं आपलं घोडं पेंड खातं. मी एकदा हौसेनं दोन लग करवतीनं आडवे कापले, पॉलिश पेपरवर घासले आणि भिंगातून पाहिले. पहिला पक्कडीनं आणि हातोडीनं दाबलेला. आतल्या तारा अजून गोल होत्या, गोलांच्या मधे काळ्या फटी, एका बाजूला तर सरळ पोकळी. सैल वळलेली विडी तोंडात धरावी तसं ते. निपाणीत हे वेगळं सांगायला नको. पानात तंबाखू कमी पडला किंवा वळण ढिलं झालं की विडी ओढ देत नाही. दुसरा लग रॅचेटच्या प्लायरनं दाबलेला. त्यात गोल तार एकही नव्हती. सगळ्या एकमेकींत घुसून मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी झालेल्या, फट जवळजवळ नाहीच. दाबाखाली तारा एकमेकींवर घासतात, वरचा गंजाचा पापुद्रा फाटतो आणि आतलं उघडं तांबं तांब्याला भिडतं. उष्णतेशिवाय झालेलं हे सांधकाम. हवेलाच जागा नाही, मग ओल कुठून शिरणार? रॅचेटच्या प्लायरची खोड अशी की पूर्ण दाब बसल्याशिवाय तो उघडतच नाही. माणसाचा आळस त्यानं हिशेबात धरलाय. जास्त दाबलं तर तारा तुटतात, म्हणून लगचं माप, वायरचं माप आणि प्लायरचा खाचा तिन्ही जुळायला हवेत. सहाच्या लगमध्ये अडीचची वायर दुमडून घालणारे मी पाहिलेत. त्यांना फक्त नमस्कार करावा.

मग डाख वाईट का? आमच्या पिढीला आयटीआयमध्ये ब्रिटानिया जोड, वेस्टर्न युनियन जोड शिकवले, त्यांवर डाख चढवायला शिकवलं. ते ताणून बांधलेल्या, जागच्या जागी राहणाऱ्या तारांचे जोड. वेस्टर्न युनियन ही तर मुळात टेलिग्राम पाठवणारी अमेरिकन कंपनी. बोटीवर सगळं हलतं. डिझेल इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेतं, म्हणजे आठ तासांत 7 लाख 20 हजार. वितळलेली डाख वातीतल्या तेलासारखीच तारांच्या जुडीत वर चढते आणि थिजते. थिजलेला भाग खिळ्यासारखा ताठ, त्यापुढचा लवचीक. जिथं ताठ संपतं आणि लवचीक सुरू होतं, नेमक्या तिथं प्रत्येक हादरा वायर वाकवतो आणि तारा एकेक करून तुटतात. शिवाय नेहमीची कथील-शिशाची डाख 190 अंशांच्या आतच वितळते. अति भारानं जोड तापला तर तार सुटून मोकळी. म्हणून त्या अमेरिकन संस्थेचा नियम सांगतो की निव्वळ डाखेच्या भरवशावर वायर धरून ठेवायची नाही. मला हा नियम पटायला वेळ लागला. सुंदर, चकचकीत डाख घालता येणं ही आमच्या वेळी प्रतिष्ठेची बाब होती.

जोड झाला की वरचा रेनकोट. टेप हा रेनकोटच आहे, आणि स्वस्तातला. उन्हात त्याचा डिंक पातळ होतो, कडा सुटतात. त्यापेक्षा गरम केल्यावर आवळणारी नळी बरी. 1957 साली पॉल कुक यांनी सुरू केलेल्या रेकेम कंपनीनं ही कला पुढे आणली. प्लास्टिकवर किरणांचा मारा केला की त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. मग ते गरम करून फुगवलं आणि थंड केलं तरी आपलं मूळ माप विसरत नाही. पुन्हा ऊब मिळाली की मूळ मापावर येऊ पाहतं. आतून डिंकाचा थर असलेलीच नळी घ्यायची. आवळताना दोन्ही टोकांतून डिंकाचा मणी बाहेर आला की समजावं, वातीचं तोंड बंद झालं. नदीतल्या पंपाच्या तीन तारांनाही हेच लागू, वर आणखी एक गोष्ट: तीन जोड एकाच रेषेत आणू नयेत. एक वर, एक मधे, एक खाली. म्हणजे रेनकोट फाटलाच तरी दोन फेज शेजारी शेजारी उघड्या पडत नाहीत, आणि गाठही जाडजूड होत नाही. अर्थातच हे सारं मेन स्विच पाडून, फ्यूज खिशात घालून. ओल्या काठावर "जरा हात लावून बघतो" म्हणणारे पुन्हा बघायला उरत नाहीत.

बोटीच्या तळाशी पाणी साचतं, ते उपसायला पंप असतो आणि त्याचा जोड बहुतेक वेळा त्याच पाण्यात लोळत असतो. सबंध बोटीतला सगळ्यात महत्त्वाचा जोड सगळ्यात वाईट जागी. बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहते, आणि इथं तिचा स्वभाव पंपाच्या विजेपेक्षा वेगळा पडतो. धन तारेच्या जोडातून खाऱ्या पाण्यात वीज झिरपली की मुलामा चढवण्याच्या कारखान्यात होतं तेच होतं: धन टोकाचं तांबं विरघळून निघून जातं. किती? एक अँपिअर वर्षभर वाहिला तर दहा किलो तांबं जातं. गळती एवढी नसते म्हणा. हजारावा हिस्सा, एक मिलिअँपिअर धरू. वर्षाला दहा ग्रॅम. 2.5 चौरस मिलिमीटरची तार मीटरला 22 ग्रॅम भरते. म्हणजे ही किरकोळ गळती एकाच जागी खात बसली तर दोन सेंटिमीटर तार दोन-अडीच आठवड्यांत फस्त. एवढ्याशा गळतीनं बॅटरी उतरल्याचं जाणवतही नाही. सकाळी हिरवी भुकटी दिसते, पंप बंद, आणि पाणी घोट्यापर्यंत. म्हणून हा जोड जमेल तितका वर, कोरड्या जागी आणायचा. आणि कुठल्याही पेटीत वायर खालून वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी वळणावर गळून पडतं, पेटीत जात नाही. स्टार्टरच्या पेटीत वरून भोक पाडून केबल सोडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

अ‍ॅल्युमिनियमचं थोडक्यात सांगतो, कारण बोटीवर ते वापरतच नाहीत. आमच्या काठावर मात्र खांबापासून पेटीपर्यंतची केबल पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची आणि पुढे मोटारीची तांब्याची असते. दोन्ही एकत्र पिळल्या आणि ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी होते. तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झाल्यावर जोड ढिला पडतो. एका टोकाला अ‍ॅल्युमिनियम आणि दुसऱ्याला तांबं असलेले लग मिळतात. ते वापरावेत, संपलं.

वेंगुर्ल्याहून परतल्यावर मी एक प्रयोग केला. त्या अमेरिकन बोट-संस्थेच्या नियमांत जोडाला ओढ देऊन बघायची परीक्षा आहे: चौदा गेजच्या, म्हणजे साधारण दोन चौरस मिलिमीटरच्या तारेचा जोड 30 पौंडांना, साडेतेरा किलोंना, एक मिनिट टिकला पाहिजे. ताणकाटा माझ्याकडे नव्हता. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घेतला, त्यात तेरा लिटर पाणी मोजून ओतलं आणि गोठ्याच्या तुळईला वायर बांधून खाली टांगला. रॅचेटनं दाबलेला जोड मिनिटभर टिकला, पाच मिनिटंही टिकला. शेवटी मीच कंटाळून डबा उतरवला. मग पेटीतून एक जुना पिळाचा जोड काढला. आमच्याच मोटारीचा, मीच केलेला, 2019 चा पूर ओसरल्यावर केलेला. टेप घट्ट, कडा अजून चिकटलेल्या. डबा सोडला आणि मी मोजायला लागलो. अकरापर्यंत पोहोचलो असेन. सर्रकन आवाज झाला, डबा आपटला, पाणी शेणात मिसळलं. तुळईला लोंबणाऱ्या वायरच्या टोकाशी टेपची काळी नळी तशीच होती, जागच्या जागी, एक वेढाही न सुटलेली.